चौकशीकाकूंची फरशी

बाटलीवर छापलेल्या ग्राहकसेवेच्या नंबरला कोणी फोन करत नाही. धानोऱ्याच्या ताराकाकू करायच्या. फरशी पुसायचं नवं औषध घरात आलं की आधी चष्मा, मग फोन. "फोटोम्हा लिंबू शे, तो बाटलीम्हा शे का?" पलीकडची मुलगी हिंदीत सांगायची की ही माहिती आमच्याकडे नाही. "मंग फोन उचलाले तुले कसाले बसाडं, बेटा?" काकू अगदी मायेने विचारायच्या. गाव त्यांना चौकशीकाकू म्हणायचं.

ही नुसती हौस नव्हती. काकांची हयात नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देखरेख करण्यात गेली. छाती कायमची अधू झाली. डॉक्टरांनी उग्र वास टाळायला सांगितलेलं. घरात फिनाईल फिरलं की काका खोकत ओट्यावर. घर स्वच्छ हवं आणि काकाही घरात हवेत, काकूंचा हट्ट एवढाच.

मी त्यांच्या दारात गेले ती आमच्या संघटनेचं 'विषारी रसायने हद्दपार करा' हे पत्रक घेऊन. त्यांनी ते उभ्यानेच संपूर्ण वाचलं. "हद्दपार कयं. आते घाण कशानी काढू ते सांग." पत्रकात ते नव्हतं. आमच्या पत्रकांत शत्रू ठळक अक्षरांत असतो, फडकं कशात बुडवायचं ते कुणी लिहीत नाही.

मग आम्ही दोघी शोधायला लागलो. पद्धत काकूंची. फरशी पुसायची, काकांना खुर्चीवर बसवायचं आणि चहा उकळेपर्यंत ते खोकतात का, कान देऊन ऐकायचं.

"हिनी मन्हा प्रयोगना उंदीर कया," काका म्हणायचे.

"उंदीर इतला चहा नई पेत."

ताकाने पुसून पाहिलं, तर मुंग्यांनी पंगत मांडली. राखेने नव्या फरशीवर ओरखडे उठले. मग मी शहरातून नीलगिरी तेलाची महागडी बाटली नेली. वर हिरवं पान, खाली 'संपूर्ण नैसर्गिक'. चहाला उकळी फुटायच्या आत काका ओट्यावर. मी संतापले. पान छापून कुणालाही कसंही फसवावं, आत काय आहे ते धड लिहू नये, हा कुठला धंदा? काकू मात्र बाटली नाकाशी धरून विचारात पडलेल्या. "झाडना वास बी झोंबस का? मंग नाकले काय समजस, झाड शे का कारखाना?"

हा प्रश्न मी आजही सभांमधून विचारते.

शेवटी धडगावकडचा रिठा चालला. रात्री भिजवायचा, सकाळी त्याच्या पाण्याने पुसायचं, दारं सताड उघडी. शेजारणी म्हणाल्या, वासच येत नाही, पुसलं कशावरून? "साफले वास कसाले लागस?" काकूंनी उलट विचारलं. काका खुर्चीत पेपर वाचत बसलेले होते.

गेल्या उन्हाळ्यात काकू अचानक गेल्या. दहाव्याला जावा-नणंदांनी घर धुऊन काढलं, मनापासून, फिनाईल ओतून. वास फाटकापर्यंत येत होता. काका अंगणात कडुनिंबाखाली बसलेले. लोक आत चला म्हणत होते. "ऱ्हाऊ द्या, आठेच बरं शे." कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायका काकूंसाठीच राबत होत्या ना.

माझ्या जिभेवर भाषण तयार होतं, चांगलं तिखट. ते मी गिळलं आणि काकूंच्या जावेला विचारलं, "मावशी, काकांना आत बसवायचं तर काय करावं लागेल?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी अंगणात पाहिलं, मग बादलीत. "वास काढना पडी," त्या हळूच म्हणाल्या आणि बादली स्वतःच बाहेर नेऊन ठेवली. आम्ही सगळ्या खिडक्या उघडल्या. साध्या पाण्याने पुसत राहिलो, वास जाईपर्यंत.

ऊन उतरल्यावर काका उंबऱ्यात येऊन थांबले. बिचकत एक श्वास आत घेतला. खोकला आला नाही. तेव्हा ते रडले.