खिडकीखालचा चिरा

देवरूखकडच्या आमच्या वाडीत संशय घेणं हा दुर्गुण समजत नाहीत, शहाणपण समजतात. बाबा जाखडी नाचातले शाहीर, तुऱ्याच्या बाजूचे. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. नवं गाणं सामन्याआधी कुणाच्या कानावर पडता कामा नये. समोरची पार्टी तालीम ऐकायला दगडी गडग्याआड माणूस बसवते. बाबांनीही आपल्या झांजवाल्याला असं बसवलेलं आहे, पण तोलामोलाचा शाहीर असेल तरच. कच्चा गडी समोर आला की म्हणायचे, "त्येला काय सवाल घालायचा? जेवून घे म्हनावं."

म्हणून रॅपचा पहिला अल्बम करायला घेतला तेव्हा मीही तोंड बंद ठेवलं. शब्द माझे, बीट माझे, रेकॉर्डिंगही माझंच. हंगामात आंब्याच्या पेट्या भरतात त्या बागेतल्या मांगरात भिंतींना गोधड्या टांगल्या आणि माईक उभा केला. मांगराशेजारी विहीर आहे, बाबांनी तरुणपणी कातळ फोडून खणलेली. मागे कंपनी नाही, कुणी नाही. गाणी आधीच फुटली असती तर माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नसतं. बाबा या सगळ्याला बडबड म्हणायचे आणि ते मला फार झोंबायचं.

एक दिवस मांगराच्या मागच्या खिडकीखाली जांभ्या दगडाचा चिरा दिसला. गडग्यावरून काढून, बसायला सोयीचा होईल असा ठेवलेला. चिरा काही स्वतःच्या पायाने चालत येत नाही.

पहिला संशय मित्रावर. तो मिक्सिंगला मदत करायचा आणि गुहागरच्या एका रॅपरशी त्याचं हल्ली जरा जास्तच जमत होतं. मी त्याला दिलेला गाण्यांचा पेनड्राइव्ह परत मागितला.

"तुला येड लागलंय," तो म्हणाला.

चोर दुसरं काय म्हणणार? मग सुट्टीला आलेल्या चुलतभावावर संशय आला, कारण तो उगाच बागेत फिरायचा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कोन येतंय तुजी गानी चोरायला?" हे ती जरा घाईनेच म्हणाली. त्यामुळे तीही यादीत गेली.

मी खिडकीखाली सुक्या पानांचा पातेरा पसरला, कुणी पाय ठेवला तर वाजेल असा. बरेच दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग ऐकत होतो. त्यातल्या दोन ओळींच्या मधल्या शांततेत पातेरा चुरचुरला आणि पाठोपाठ दाबलेला खोकला आला. तो खोकला मी जन्मापासून ऐकत आलोय. बाबांचा.

म्हणजे कुंपणच शेत खात होतं. रागाच्या भरात मी पुढचं सगळं जुळवून टाकलं. गणपतीतले बाबांचे सामने ठरले होते. ते माझ्या चाली तिथे वाजवणार, आणि मग माझा अल्बम आला की लोक म्हणणार, पोराने बापाचंच उचललं. विचारलं असतं तर सावध झाले असते, म्हणून विचारलं नाही. दोघं शेजारी बसून जेवायचो आणि दोघांचं लक्ष ताटात.

अल्बम बाहेर आणायच्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात स्पीकर लावले. घरातून निघताना बघितलं, तर खुंटीवर ढोलकी नव्हती. बाबाही सकाळपासून गायब. आजचाच मुहूर्त साधून ते दुसऱ्या गावात माझ्या चाली वाजवणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

तरी गायलो. सगळी वाडी आली होती, माझ्यावर फुगलेला मित्रसुद्धा. शेवटच्या गाण्यात माझी ओळ होती, 'कातळ फोडून काढतो मी पाणी'. टाळ्या चालू असतानाच मागे ढोलकीवर थाप पडली. माणसं बाजूला सरली. बाबा उभे होते. डोक्याला फेटा, पायात चाळ, पाठीशी त्यांची सगळी पार्टी. माझ्याकडे हात करून त्यांनी खड्या आवाजात सवाल टाकला:

"कातळातनं पाणी काढतो म्हणतोस पोरा,
विहीर कुणी खणली त्याचं नाव सांग जरा!"

पटांगण नुसतं ओरडलं. जवाब गाण्यातूनच आणि तिथल्या तिथे द्यायचा, नाहीतर हार. नाव मला माहीत होतं. पण बाबांनी मला सवाल घातला होता, मला, आणि त्यासाठी ते इतके दिवस चिऱ्यावर खोकला दाबत बसले होते. माईक तोंडाशी धरून मी नुसता उभा राहिलो. पोरं हसली. मी हरलो.

घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "खिडकी जरा उघडी ठेवीत जा. शब्द नीट कलत नाय."

जवाब मी अजून लिहितोय, आणि खिडकी अजूनही घट्ट लावूनच. समोरच्या पार्टीला तालीम ऐकू देईन एवढा कच्चा मी नाही. चिरा मात्र तिथेच आहे. त्याच्या भोवतीचा पातेरा रोज झाडून काढतो.