बाबा आणि शेजाऱ्याच्या लाल गोळ्या

अर्विंगमधला आमचा शेजारी रिटायर झाल्यापासून गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा. शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या, वापरलेल्या पितळी नळकांड्यांत मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. टेक्ससात याचं कुणाला काही वाटत नाही. मला सुरुवातीला वाटायचं, मग मीही दर शनिवारी त्याच्याकडे स्टूल ओढून बसू लागलो.

२००८ साली त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. गोळीला ग्रीस फासण्याऐवजी, गाडीच्या चाकांना देतात तो पावडरचा रंग द्यायचा आणि जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा. लालचुटुक गोळ्या दिसायच्या छान. पण काडतुसात महिनोन्महिने दारूला चिकटून राहिलेला हा रंग तिला बिघडवणार तर नाही? त्याच्याकडच्या पुस्तकांत उत्तर नव्हतं. आणि अंदाज चुकला तर बंदूक हातातच फुटायची भीती.

"माझे बाबा येतायत ना," मी फुशारकी मारली. "त्यांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली."

झाली होतीच. शाळेत माझा सगळा भाव त्याच्यावर होता. आत कोण काय करतं हे घरीसुद्धा बोलायचं नाही, असा तिथला दंडक. म्हणून मी कधी विचारलं नाही. बाबा तोफगोळे भरतात, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं.

बाबा भारतातून आले आणि त्यांची झोपही पुरी व्हायच्या आत मी त्यांना शेजारी नेऊन बसवलं. शेजाऱ्याने त्यांच्या तळहातावर एक लाल गोळी ठेवली. मी प्रश्न मराठीत समजावून सांगितला. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आणि आपल्याकडे पाहुणा यजमानाला कशालाही म्हणतो तसं म्हणाले, "नो प्रॉब्लेम." मी शेजाऱ्याकडे असं पाहिलं, जणू रंग मीच शोधून काढला होता.

पुढच्या शनिवारी शेजारी दारात उभा. तुझ्या वडिलांच्या भरवशावर काडतुसं भरलीत, चल, नेमबाजीच्या रेंजवर जाऊ. बाबा चहात खारी बुडवत होते.

"काय म्हणतोय रे?"

मी सांगितलं.

"माझ्या भरवशावर?" ते बनियनवरच उठून दारात आले आणि शेजाऱ्यासमोर हात जोडून म्हणाले, "आय कँटीन. टी. भजी. नो बुलेट."

"अहो बाबा, काय बोलताय?"

"खरं तेच. कँटीनमध्ये होतो मी. गोळी परवा पहिल्यांदा हातात धरली. तू एवढ्या कौतुकाने नेलंस, तिथे तुला कसं तोंडघशी पाडायचं? पण त्याचा हात गेला म्हणजे? नीट सांग त्याला इंग्लिशमधून."

माझे कान तापले. त्या क्षणी मला शेजाऱ्याच्या हाताची काळजी नव्हती, बाबांच्या बनियनची लाज वाटत होती. मी इंग्रजीत म्हणालो की वडील फूड मॅनेजमेंटमध्ये होते, ती काडतुसं वापरू नकोस.

शेजाऱ्याने बाबांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. मग ते दोघं गॅरेजात ती काडतुसं सोडवत बसले. हातोडीसारख्या एका अवजारात काडतूस अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी सुटते. बाबा आपटत होते, तो दारू वेगळी काढत होता, आणि एकमेकांची भाषा येत नसताना दोघं खुशाल हसत होते. मी ऑफिसचा कॉल आहे असं सांगून घरी निघून आलो. कॉल नव्हता.

दुपारी बाबा परत आले, हात धुतले, आणि सूनबाई स्वयंपाकघरात आहे असं पाहून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिला नको सांगूस हं. तुझ्या मित्रांनाही नको. तुलाच कमीपणा यायचा."

मी म्हणालो, "नाही सांगणार."