पाव्हण्यांनी घाटात थांबवलेली गाडी

वडवणीत जर्मन गाडी आणणारा पहिला माणूस मी, हे आजही मान वर करून सांगतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. बोअरमधून जळून वर आलेल्या मोटारी उघडायच्या, नवी तार भरायची, पुन्हा पाणी चालू करून द्यायचं. हात कायम काळे. आधी एक जुनी जीप होती, तिचे दरवाजे दोरीनं बांधावे लागत. मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि त्याच्या साहेबांनी आपली जर्मन डिझेल गाडी विकायला काढली. मी नुसता बघायला गेलो होतो. आत बसून दार लावलं आणि बाहेरचा सगळा रस्ता एकदम गप्प झाला. तेवढ्यावर मी ती घेऊन टाकली.

गाडी वडवणीत आली तो बाजारचा दिवस होता. माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं डिक्की उघडायला लावली, आत डोकं घातलं आणि विचारलं, "तात्या, सरकीची पोती किती बसतेत हिच्यात?" मी म्हटलं, "एकबी न्हाई." तो म्हणाला, "मंग घेतली कावून?"

कावून घेतली, ते चालवल्याशिवाय कळत नाही. बीडच्या पुढं मोकळा रस्ता लागला की ती जमिनीला चिकटून धावे. बायको शेजारी झोपून जाई, आणि पाच मैल गेलेत की पन्नास, हे तिला कळत नसे. गावातल्या नवरदेवांच्या तर रांगा लागल्या. माझी गाडी रिकामी नसेल तर तिथी पुढं ढकलणारे बाप मी पाहिलेत.

पण तिचे नखरेही सोसले. पोट जमिनीला टेकलेलं, आणि आमच्याकडं गावोगावच्या लोकांनी स्वतःच घातलेले गतिरोधक, म्हणजे दगडमातीचे बांधच. प्रत्येक बांधापाशी मी सगळ्यांना खाली उतरवायचो. फेटा बांधलेला, हातात कट्यार घेतलेला नवरदेव चालत गतिरोधक ओलांडतोय आणि मागून रिकामी गाडी इंचाइंचानं येतेय, हे दृश्य आमच्या भागात नेहमीचं झालं होतं. एकदा उंदरांनी वायरी खाल्ल्या. एकदा तर एक साधं रबर जर्मनीहून येईपर्यंत दोन महिने गाडी अंगणात झाकून ठेवली. बायको म्हणाली, "गाडी हाय का रुसलेला जावई? जरा आवाज झाला की तुमी धावताय बघायला." मी हसायचो. जावयाचा मान ठेवायलाही ऐपत लागते, हे मनातल्या मनात म्हणायचो.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते सांगतो.

या गाडीच्या इंजिनात साधं पाणी चालत नाही. ते थंड ठेवायला ठरावीक कूलंट घालावं लागतं, आणि ते तेव्हा संभाजीनगरलाच मिळे. एका उन्हाळ्यात कूलंटची पातळी कमी झाल्याचा दिवा लागला. एवढ्यासाठी कुठं जायचं म्हणून मी अंगणातल्या नळाचं, म्हणजे बोअरचं पाणी ओतलं. जीपला तेच घालत आलो होतो. दिवा विझला. पुढं जेव्हा लागला तेव्हा पुन्हा ओतलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्यालासुद्धा पांढरा थर बसतो. मोटारींच्या पंख्यावरचा तो दगडासारखा क्षार खरवडून काढण्यावर माझं घर चाललं होतं. तरी ओतलं.

पुढच्याच लग्नसराईत माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न बीडला झालं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मी त्याला पाव्हणं म्हणायचो. एसटीत चालक. विनाअपघात नोकरीचा बिल्ला त्याच्या खिशावर असायचा. मुलगी चौसाळ्याला दिली होती. मुलीला वाटे लावायच्या, सासरी पाठवायच्या वेळी तो माझ्यापाशी आला. म्हणाला, "दाजी, जन्मभर लोकांच्या लेकी सासरी सोडल्या. आज माझी मी सोडतो. चावी द्या." वधूच्या बापानं गाडी चालवणं हे कुणी पाहिलं नव्हतं. मीही आजवर कुणाला चावी दिली नव्हती. पण त्या दिवशी दिली.

मी त्याच्या शेजारी बसलो. मागं नवरा-नवरी आणि पाठराखीण. त्याच्यासारखी ती गाडी कुणी चालवली नाही, मीसुद्धा नाही. गिअर कधी बदलला ते कळत नव्हतं. मांजरसुंब्याचा घाट अर्धा चढलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला, लाल दिवा लागला. त्यानं त्याच क्षणी गाडी कडेला घेतली.

मी म्हटलं, "चालू द्या, वर जाऊन बघू."

"न्हाई दाजी. आता एक फर्लांगबी न्हाई." त्यानं इंजिन बंद केलं.

बॉनेटमधून वाफ निघाली. मागच्या गाड्या थांबल्या, वऱ्हाड भोवती जमलं. मुलाकडचे लोक विचारायला लागले, काय झालं, काय झालं. मला त्या वाफेत माझा नळ दिसत होता. आणि मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो, "पाव्हणं, ही एसटी न्हाई, रेटायला!"

सगळे खो खो हसले. नवरी मुलगी वऱ्हाडाच्या क्रुझर जीपमध्ये बसून पुढं गेली. मेहुणा म्हणाला, "गाडी मी थांबवलीय, मीच थांबतो." चौसाळ्याच्या दारात लेक माप ओलांडत होती तेव्हा बाप घाटात माझ्या गाडीपाशी दगडावर बसला होता.

मेकॅनिकनं इंजिन उघडून पांढरा थर दाखवला. म्हणाला, "चालवणाऱ्यानं लगेच बंद केली म्हणून वाचलं. अजून थोडी चढवली असती तर भंगारातच." हे मी घरी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

ते वाक्य मात्र नात्यात पसरलं. पंगतीत कुणी घाईनं वाढायला लागलं की, "हळू, ही एसटी न्हाई." कुणी पोराला झोका जोरात दिला की, "एसटी हाय का रेटायला?" मेहुणा हसायचा. पण माझ्या गाडीत तो पुन्हा बसला नाही. कितीही आग्रह करा, म्हणायचा, "मी आपला लाल डब्यानं येतो, दाजी."

परवा त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. हळदीला आमच्या घरात नवीनच आलेल्या एका सुनेनं त्याला विचारलं, "मामा, हे एसटी-एसटी सगळे कावून म्हणतेत?" आणि तो स्वतःच सांगायला लागला. हातवारे करून, सगळ्यांना हसवत. शेवटी म्हणाला, "चुकलंच माझं. गिअर एक खालचा टाकायला पाहिजे होता. लई मोठी गाडी, आपल्याला काय कळती?"

लोक हसत होते ते एक वेळ सोसलं असतं. त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. एवढी वर्षं गाडी चालवलेला माणूस माझ्या एका वाक्यामुळं स्वतःच्या हातावरचा भरवसा घालवून बसला होता.

लग्नाच्या सकाळी बीडला जाताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या भावाला इतकी वर्षं हसवून घेतलंत. मला सांगून काय उपेग? ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा."

आमच्याकडं अक्षतांच्या आधी शुभाशीर्वादाची भाषणं होतात. पुढारी येतात, सत्कार होतात, नवरा-नवरी ताटकळतात. दोन भाषणं झाल्यावर मी माइक मागितला. लोकांना वाटलं, म्हातारा वधूवरांना चार शब्द सांगणार. मी सांगितलं, की घाटात गाडी तापली ती पाव्हण्यांमुळं नाही. मी बोअरचं पाणी ओतलं होतं. त्यांनी थांबवली म्हणून गाडी आजपर्यंत चालतेय. ती बाहेरच उभी आहे.

मग मागून एक आवाज आला, "मंग इतके दिवस कावून गप बसलात, तात्या?"

"लाज वाटत होती," मी म्हटलं. "क्षार खरवडून पोट भरलं, अन् तेच पाणी गाडीत ओतलं."

मेहुणा फेटा सावरत पुढं आला. "म्हंजे गिअर बरोबर होता माझा?"

"बरोबर होता."

"अन् थांबवली ती?"

"तुमच्या जागी मी असतो तर जाळली असती."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानंच. पहिल्या रांगेत त्याची चौसाळ्याची लेक डोळ्याला पदर लावून बसली होती. तिच्याकडं बघून तो मला म्हणाला, "दाजी, तुमी लई वाईट केलंत." माइक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं. ऐकायलाच पाहिजे होतं. मग त्यानं हात पुढं केला. "चावी द्या."

लग्न लागलं, जेवणं झाली. नव्या सुनेला घरी न्यायला माझी गाडी त्यानं काढली. शेजारच्या सीटवर लेकीला बसवलं. मागं नवरा-नवरी आणि पाठराखीण. माझ्यासाठी जागा राहिली नाही आणि ती कुणी शोधलीही नाही. मी मागच्या क्रुझरमध्ये, भांड्यांच्या खोक्यांशेजारी बसलो.

इतकी वर्षं मी ती आतूनच पाहिली होती. बाहेरून, रस्त्यावर धावताना, कधी पाहिलीच नव्हती. वळणावर ती वाकायची नाही, फक्त सरकायची. क्रुझरचा पोरगेला ड्रायव्हर म्हणाला, "काय पळतीय बे ही! कुणाची हाय हो, बाबा?"

"गाडी माझी हाय," मी म्हटलं. "पण चालवणारा बघ. माझा मेहुणा हाय तो."