पेंटरने पाडलेला पिक्चर

पेंटरशी पिक्चरवर बोलायची सोय नव्हती. कुणी सहज एखाद्या नटाचं नाव काढलं, की पाचव्या वाक्याला पेंटर घसा खाकरून सांगायचा, "त्या मोठ्या दिग्दर्शकाचा पहिला पिक्चर होता ना, तो मीच पाडला." नवख्या माणसाला वाटावं, हा एखादी इमारत पाडल्याची कबुली देतोय. पासष्टी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी कबुली मात्र पहिल्या दिवसाइतकीच ताजी. त्याची बायको नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. ती म्हणायची, "अहो, जन्मठेपेचा कैदीसुद्धा एव्हाना सुटून घरी येतो."

गोष्ट एकेचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा थिएटरच्या दर्शनी भिंतीवर हाताने रंगवलेला वीस फुटी बोर्ड लागायचा. थिएटरमागच्या अंगणात पेंटर कापड ताणायचा, त्याला पांढऱ्याचे दोन हात द्यायचा, फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायचा, आणि तेवढ्याच चौकटी मोठ्या करून कापडावर मारायचा. मग एकेक चौकट उतरवत जायचं. चेहरा एवढा मोठा, की नाक रंगवताना कान दिसायचे नाहीत. दर अर्ध्या तासाने शिडी उतरून अंगणाच्या टोकाला जायचं, डोळे बारीक करून बघायचं, आणि परत चढायचं.

आता यातली मेख अशी, की पिक्चर बघून बोर्ड रंगवायची रीतच नव्हती. पिक्चरची रिळं यायची शुक्रवारी सकाळी, आणि बोर्ड लागायचा त्याआधीच्या सोमवारी. हातात यायचे फक्त दोन-तीन फोटो. त्यांवरून पिक्चर ओळखायचा. पेंटर त्यात पटाईत होता. हातात पिस्तूल दिसलं की मागे आग, म्हातारी रडताना दिसली की कोपऱ्यात तुरुंगाचे गज. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

त्या आठवड्यात एका नवख्या दिग्दर्शकाच्या पहिल्या पिक्चरचे फोटो आले. एकात रिकामं घर, दुसऱ्यात पाठमोरा माणूस, आणि तिसऱ्यात तोंड भरून हसणारी नायिका. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय स्वप्न पडतंय? आला की बघू." आता तुम्हीच सांगा, कुठला शहाणा पेंटर रिकामं घर रंगवेल? तो तिसरा फोटो जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी गमतीने काढलेला होता आणि चुकून पाकिटात आला होता, हे त्याला कोण सांगणार? पेंटरने जीव ओतला. बत्तीशी चमकली, गालावर खळी पडली. रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघायला लागले.

शुक्रवारी थिएटर तुडुंब भरलं. लोक पोराबाळांसकट आले. पडद्यावर एक बाई समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत होती. वाट बघत कपड्यांच्या घड्या घालत होती, फरशी पुसत होती. मध्यंतरात लोक एकमेकांना धीर देत होते, दुसऱ्या भागात हसेल. ती शेवटपर्यंत हसली नाही. अकरा खुर्च्या मोडल्या, आणि रविवारी पिक्चर उतरला. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं, पण बोर्डचा फोटो पेपरात आला, तो वितरकाला आवडला, आणि त्याने तोच चेहरा छापून इतर शहरांत लावला. जिथे जिथे ती हसली, तिथे तिथे पिक्चर रडला.

शनिवारी सकाळी नर्सिंग शिकणारी एक मुलगी तरातरा अंगणात आली. "हे तुम्ही काढलंत? मग ही बाई हसते कुठे, तेवढं दाखवा. माझे वडील आम्हा पाचजणांना घेऊन आले होते." पेंटरने हातातला ब्रश खाली ठेवला. त्याने तिला बसायला स्टूल दिलं. तक्रार एका दिवसात आटपेना, म्हणून ती पुन्हा आली, आणि वर्षभराने दोघांचं लग्न झालं. संसार छान झाला. हाताने रंगवलेले बोर्ड पुढे बंद पडले, तेव्हा पेंटर दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवायला लागला. मुलगी शिकली, मार्गी लागली. पेंटर सुखी होता, यात शंका नको. फक्त तो पिक्चर त्याने कधी पाहिला नव्हता. छातीच झाली नाही.

दिग्दर्शक मात्र पुढे फार मोठा झाला. मानसन्मान मिळाले, त्याच्यावर पुस्तकं निघाली. पण कौतुकाचा लेख कितीही लांब असो, त्यात एक ओळ ठरलेली असायची, की पहिला प्रयत्न सपशेल फसला. पेंटर बरोबर ती ओळ शोधून काढायचा आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायचा.

यंदा थिएटरच्या मालकीणबाई, म्हणजे जुन्या मालकांची मुलगी, घरी आल्या. दिग्दर्शकाचे सगळे पिक्चर आठवडाभर दाखवायचं ठरलं होतं. सुरुवात त्या पहिल्याने, आणि दिग्दर्शक स्वतः येणार होता. "बोर्ड हाताने रंगवलेला हवा, काका. तुमच्याशिवाय कुणाला येतो?"

"आधी पिक्चर दाखवा," पेंटर म्हणाला.

एका सकाळी रिकाम्या थिएटरात नवरा-बायको दोघंच बसले. पेंटरच्या ध्यानात आलं, की आपणही तिच्या हसण्याची वाट बघतोय. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या लोकांची त्याला दया आली. शेवटी बाई खिडकीशी उभी राहिली, आणि शेजारी बायको पदराने डोळे टिपायला लागली.

"तेव्हा नाही रडलीस ती?"

"तेव्हा हसायची वाट बघत होते ना," ती म्हणाली.

पेंटरला आजवर नुसता संशय होता, आता साक्षीदार मिळाला. त्याने बारा दिवस खपून खिडकीतली बाई रंगवली, जशी होती तशी, आणि ठरवलं की त्या माणसाला समोरासमोर सांगायचं.

दिग्दर्शक काठी टेकत आला. बोर्डसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हसणारी कुठे गेली?"

"ती चूक होती माझी. तो बोर्ड मीच रंगवला होता. लोक हसायला आले आणि फसले. तुमचा पिक्चर मी पाडला," पेंटर म्हणाला.

दिग्दर्शकाने दोन खुर्च्या मागवल्या. "बसा. पिक्चर पडल्यावर कॅमेरावाला म्हणाला, मी आधीच सांगत होतो. निर्माता म्हणाला, मला गोष्ट वेगळीच ऐकवली होती. नायिकेने त्याचं नाव घेणंच सोडलं. पुढचे पिक्चर चालले, तेव्हा माझ्यामुळे चालले म्हणणारे पैशाला पासरी भेटले. पण हा माझ्यामुळे पडला, असं सांगायला एवढ्या वर्षांत एक माणूस आला नाही. मी एकटाच होतो हो त्याचा."

पेंटरच्या तोंडातून खरं तेच गेलं. "ती फरशी मात्र फार वेळ पुसते."

"सात मिनिटं. सगळे म्हणत होते कापा. मी ऐकलं नाही."

"मग निम्मा दोष तुमचा."

"पाऊण."

"निम्माच. बोर्ड वीस फुटी होता, साहेब," पेंटर ठासून म्हणाला. बायको हसू दाबत उभी होती. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. दिग्दर्शकाने पेंटरचा हात धरला आणि दोघं आत जाऊन पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसले.

मागच्या रांगेतून एक तरुण पत्रकार बाई पुढे वाकली. पेंटरच्या बोटांवरचा निळा रंग बघून तिने विचारलं, "काका, तुमचा या पिक्चरशी काय संबंध?"

पेंटरने एकदा दिग्दर्शकाकडे पाहिलं आणि ताठ बसून म्हणाला, "आमचा पिक्चर आहे."