जहाजाच्या पोटातली इस्त्री

परवा अंबडला इस्त्रीवाल्यानं ओल्या चादरीवर इस्त्री ठेवली, अन् त्या वाफेच्या वासानं माझे पाय जागीच थांबले. तोच वास मी पंधरा वर्षांमागं एका जहाजात घेतल्ता.

माझा लेक सुरेश प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर नोकरीला. जहाज मुंबईला लागलं तेव्हा त्यानं आम्हा दोघांना ते आतून दाखवलं. आधी सगळ्यात वर, कप्तानाच्या खोलीत. मी दारातच चपला काढल्या अन् नव्या ट्रॅक्टरला लावतो तसं जहाज वळवायच्या चाकाला कुंकू लावलं. चाक ताटाएवढं! आमचे हे म्हणले, "आपल्या ट्रॅक्टरचं याहून मोठं हाय की!" कप्तानाला काही कळलं न्हाई, पण त्यानं हात जोडले.

मंग लोखंडी जिन्यानं खाली, अजून खाली. चादरींचे ढिगारे, वाफ, घरघर. सुरेश इस्त्रीच्या मोठ्या मशीनपाशी थांबला.

"माय, हे माझं. याला बी लाव."

मी बोट टेकवलं तर चटका बसला. "खिडकी कुठाय रे?"

"इथं न्हाई." मंग बापाकडं न बघता हळूच म्हणला, "माय, येऊ का परत?"

मी म्हणले, "बहिणीचं लग्न होऊ दे."

तेव्हा वाटलं, दोन वर्षांचा तर सवाल हाय. लग्न झालं, तिची पोरं शाळेत जाऊ लागली. सुरेश अजून तिथंच. आता मी थकले, फोनवर रोज म्हणते, "ये बाबा." तो म्हणतो, "माय, मला आता ऊन सोसत न्हाई."