पंच्याऐंशीचा काटा

श्रीरामपूरच्या बाहेर रद्दीपासून कागद करणारा एक कारखाना आहे. तिथे पुष्पावती अकरा वर्षं खळ शिजवायची. प्रक्रिया केलेल्या मक्याच्या स्टार्चची पावडर पोत्यांतून येई. ती गार पाण्यात कालवून वाफेवर शिजवायची आणि कागदावर पातळ थर द्यायचा, म्हणजे शाई फुटत नाही. खळीचा दुधाळपणा जाऊन ती नितळ दिसली की पुष्पावती वाफ बंद करी. तापमानाच्या काट्याकडे ती ढुंकूनही पाहत नसे.

सुपरवायझर हर्षल मात्र पाहत होता. महिनाभर गोड बोलून तो तिच्या मागेपुढे राहिला. काटा पंच्याऐंशीवर आला की बाई वाफ बंद करते, हे त्याने वहीत उतरवलं. मग ही रीत आपणच बसवली असं मालकांना सांगून या गुणी माणसाने तिला रद्दी निवडायच्या शेडमध्ये धाडलं. धूळ, पिना, कुबट वास. पुष्पावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे मालकांवर छाप पाडायला हर्षलने जुना काटा काढून नवा बसवला. जुना काटा दहा अंश कमी दाखवतो, हे पुष्पावतीला फिटरने कधीच सांगितलं होतं. हर्षलच्या वहीत तर पंच्याऐंशीच लिहिलेलं. म्हणजे आता खळ कच्ची राहणार. नव्या काट्याची बातमी शेडमध्ये आली त्या दुपारी तिने डबा पोटभर खाल्ला आणि चकार शब्द काढला नाही. तिला आनंद झाला होता, निव्वळ आनंद.

नवव्या दिवशी वह्यांच्या कव्हरांसाठी गेलेल्या कागदाचा अख्खा टेम्पो परत आला. थराची भुकटी बोटाला लागत होती. मालक स्वतः शेडमध्ये तिला बोलवायला आले. तिने वाफ सोडली. काट्याने पंच्याऐंशी ओलांडले तसा हर्षल जळेल जळेल म्हणू लागला. पंच्याण्णवला खळ नितळ झाली. जुना काटा खोटा होता, एवढंच ती म्हणाली. आधी का सांगितलं नाही, असं मालकांनी विचारलं. रद्दी निवडणाऱ्या बाईला कोण विचारतंय, असं तिने शांतपणे सांगितलं.

मालक हर्षलला तिथल्या तिथे कामावरून काढायला निघाले. पुष्पावती मध्ये पडली. बाईचं काळीज मोठं, असं सगळ्यांना वाटलं.

"काढू नका, मालक," ती म्हणाली. "त्यान्ला रद्दी निवडायला बसवा. रोज येता-जाता मला दिसले पायजेत."