सुनेने न घेतलेली शपथ

सप्तशृंगी आईवर माझी श्रद्धा लहानपणापासून होती. माणसांवर मात्र कधीच नव्हती. एका कारखान्याच्या फाटकावर, सुट्टी होऊन बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. समोरचा माणूस हसला तरी मला वाटायचं, हा का हसला? निवृत्त झालो तेव्हा गणवेश उतरला, पण नजर तीच राहिली. या वयात माणसं आपल्याला आलेले देवाचे अनुभव लिहितात. मलाही एक अनुभव आला आहे. पण तो लिहायचा तर आधी माझा अपराध लिहावा लागेल. गेली चार वर्षं मी नातेवाइकांत एक खोटी गोष्ट पसरू दिली. ती आधी दुरुस्त करतो. घरातल्यांची नावं तेवढी बदलली आहेत.

इंदिरानगरमधल्या आमच्या घरात आम्ही तिघं राहतो. मी, माझी सून ज्योती आणि नातू तेजस. माझा एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हा तेजस सातवीत होता. त्यानंतर तो माझ्याजवळ फार ओढला गेला. माझ्या गोळ्यांची वेळ त्याला पाठ. संध्याकाळी न सांगता माझ्या गुडघ्यांना तेल लावायचा. असा मुलगा आईला मारतो असं कोणी सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच घराबाहेर काढलं असतं. आणि सांगितलं ते खुद्द ज्योतीनेच.

तो दहावीत गेला त्या उन्हाळ्यात तिच्या दंडावर मला काळानिळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, मोरीत पाय घसरला. पुढच्या आठवड्यात मनगट सुजलेलं. म्हणाली, दार लागलं. एकाच बाईला मोरीही पाडते आणि दारही लागतं, हे मला पटेना. ही काहीतरी लपवते आहे, एवढं माझ्या नजरेने बरोबर ओळखलं. काय लपवते आहे, ते मात्र साफ चुकलं. एके दुपारी तेजस क्लासला गेला असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, तेजस हात उचलतो माझ्यावर. रोज. मला आता त्याची भीती वाटते." मी तिला विचारलं, "मग त्या दिवशी मोरीत पडलीस ते खोटं होतं का?" ती म्हणाली, "हो." मी म्हणालो, "तेव्हा खोटं, तर आता खरं कशावरून?"

ती आत गेली. मी मात्र तर्क लढवत बसलो. हिला पोराला वसतिगृहात टाकायचं असेल. मला एकटं पाडायचं असेल. नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झाला असेल. यातलं शेवटचं मला जास्त पटलं. मी सिन्नरला तिच्या भावाला फोन करून सांगितलं, की तुमची बहीण स्वतःच्या पोरावर आळ घेते, तिला काही दिवस माहेरी न्या, पोराला मी सांभाळतो. तो येत्या रविवारी येतो म्हणाला. पण तेवढ्याने माझं समाधान होईना. मला पुरावा हवा होता. शुक्रवारी मी दोघांना घेऊन वणीच्या गडावर गेलो. देवीसमोर ओटीच्या नारळावर हात ठेवून तिने शपथ घ्यावी, की मुलाने मला मारलं. घेतली तर विचार करू. नाही घेतली, तर रविवारी तिने माहेरी जायचं आणि मी बोलावीन तेव्हाच यायचं. हे मी तिला बसमध्ये स्पष्ट सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मागच्या बाकावर तेजस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

पायऱ्या चढून वर गेलो. गाभाऱ्यासमोर फारशी गर्दी नव्हती. अठरा हातांत अठरा आयुधं घेतलेली आई, अंगभर शेंदूर, नाकात नथ, आणि मान एका बाजूला किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर ऋषींचा पाठ चालला होता तो ऐकायला तिने मान कलती केली, असं आमच्याकडे सांगतात. मी असंख्य वेळा ती मूर्ती पाहिली होती. त्या दिवशी मी मूर्तीकडे पाहिलंच नाही, सुनेकडे पाहत होतो. "ठेव हात," मी म्हणालो. तिने नारळावर हात ठेवला. एकदा देवीकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या तेजसकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी पडले होते बाबा. मोरीत."

खोटं बोलायचं नाही म्हणून कोणी लिहीत असेल तर त्याने हेही लिहावं, की त्या क्षणी मला आनंद झाला.

आमच्या मागे रांगेत एक साठीची बाई उभी होती. मालेगावकडची असावी, बोलण्यात तिकडची झाक होती, 'आहे'ला 'शे' म्हणायची. ती मोठ्याने म्हणाली, "काय आबा, देवीचं कोर्ट केलं का तुम्ही?" मी लक्ष दिलं नाही. ती गप्प बसेना. "ती माय शे, आबा. देवीपुढं पोराचं नाव घेईल का ती? त्याला लागलं तर, असं वाटणार नाय तिला? बघा, एवढी हत्यारं घेतलेली बाई, पण मान कशी ऐकायला वाकलीय. तुमची मान तर लय ताठ शे!" आजूबाजूचे दोघेतिघे हसले. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? गर्दीत बोलण्यात गुंतवून पाकीट मारणाऱ्या बायका असतात. मी पिशवी छातीशी धरली आणि खिसा चाचपला.

उतरताना अर्ध्या वाटेवर माझा उजवा गुडघा असा धरला की पाय पुढे टाकवेना. दुखायचा तो नेहमी डावा. उजव्याने त्याआधी कधी त्रास दिला नव्हता, त्यानंतरही दिलेला नाही. यावर मी कोणाशी वाद घालत नाही. घडलं ते सांगतो. मी दोघांना म्हणालो, तुम्ही बसस्टँडवर जाऊन थांबा, मी सावकाश येतो. एका बंद दुकानाच्या कडेला निळं प्लास्टिक टांगलेलं होतं, त्याच्या सावलीत मी बसलो. मी येईपर्यंत पुढे जायचं नाही असं ज्योतीने ठरवलं असावं, कारण थोड्या वेळाने त्याच प्लास्टिकच्या पलीकडून मला तिचा आवाज आला. फोनचं चार्जिंग संपलं म्हणून तेजस तिचा फोन मागत होता. ती म्हणाली, "बाबा आल्यावर देते, त्यांचा फोन येईल." मग बांगड्या वाजल्या. प्लास्टिकच्या फटीतून मी पाहिलं. त्याने तिचा हात पाठीमागे पिरगाळला होता आणि तो दात आवळून म्हणत होता, "तूच पाठवलंस पप्पांना. तू पाठवलं नसतंस तर ते जिवंत असते."

ज्योती एवढंच म्हणाली, "तेजस, सोड. कोणी बघेल."

पिरगाळलेल्या हातापेक्षा मला त्याचं बोलणं जास्त लागलं. ते वाक्य माझं होतं. माझा मुलगा गेला तेव्हा दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं होतं: सुनेने त्याला ऐन संध्याकाळी बाहेर पाठवलं, नाहीतर तो असता. पोरगा शेजारी बसून ऐकायचा. पुढेही मी ते थांबवलं नाही. आणि खरं काय होतं? त्या दिवशी मी देवळाली कॅम्पला मित्राकडे गेलो होतो. परतायला बस होती, पण बसला गर्दी असते म्हणून मी घरी फोन केला. ज्योतीने उचलला. मी म्हणालो, त्याला म्हणावं गाडी घेऊन मला न्यायला ये. तिने निरोप दिला, आणि तो निघाला. एवढाच तिचा गुन्हा. आपल्या फोनमुळे मुलगा गेला हे मला सोसवलं नाही, म्हणून मी ते उचलून तिच्या पदरात टाकलं.

मी उठायच्या आधीच ती रांगेतली बाई वरून उतरत आली. ती ओरडली नाही, तेजसला तिने हातही लावला नाही. दोन हात अंतरावर उभी राहून म्हणाली, "पोरी, चल, पाणी पिऊन येऊ." मग त्याला म्हणाली, "भाऊ, तू बस जरा. आम्ही इथंच शे, पळून नाय जात." त्याचा हात आपोआप सुटला. तेवढ्यात मी प्लास्टिक बाजूला करून पुढे झालो. मला पाहताच त्याचा चेहरा क्षणात बदलला. "आजोबा, पाय दुखतोय का? धरू का?" हा लाडका आवाज आणि तो मघाचा आवाज एकाच तोंडातून येतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"फोन मी केला होता," मी म्हणालो.

"कुठला फोन?"

"तुझ्या पप्पांना बोलावलं ते मी. आईने फक्त माझा निरोप दिला. इतके दिवस मी खोटं बोललो."

तो आईकडे वळला. तिने होकारार्थी मान हलवली. "मग तू का नाही सांगितलंस?" तो ओरडला. ती म्हणाली, "पप्पा गेले होते. निदान आजोबा तरी राहू देत म्हटलं तुला."

त्याने शेजारची रिकामी टोपली लाथेने उडवली आणि धाडधाड खाली उतरत गेला. मी त्याच्या मागे निघालो तर त्या बाईने मला अडवलं. "आता नका मागं लागू. निवल्यावर बोला. पण बोला मात्र नक्की, सगळ्यांपुढं बोला. माझा पोरगाबी मारायचा मला. मी लोकांना सांगायची, बांगड्या विकत घेतानाच फुटल्या. लपवलं तवर वाढत गेलं. दिराला सांगितलं, मग दवाखान्यात एका डॉक्टरबाईला सांगितलं, तेव्हा कुठं वाट सापडली." एवढं बोलून, ज्योतीच्या पाठीवरून हात फिरवून ती गेली. ती गेल्यावर माझा हात सवयीने खिशाकडे गेला, हेही लिहितो. पाकीट जागेवर होतं. नंतर दोनदा गडावर जाऊन मी तिला शोधलं. नारळवाला म्हणाला, "बाबा, इथं रोज हजार बाया येतात, कोणती सांगू?"

तेजस बसस्टँडवर एकटाच बसलेला सापडला. रविवारी ज्योतीचा भाऊ आला, तेव्हा तेजससमोरच मी त्याला सगळं सांगितलं. ती माहेरी गेली नाही. सोमवारी आम्ही दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे गेलो. एका दिवसात काही बदललं नाही. त्या बाईंनी सांगितलं, त्याचा आवाज चढला की वाद घालू नका, ज्योतीने सरळ शेजारच्या काकूंकडे जायचं. काकूंना सगळं माहीत असू दे. दुसऱ्या दिवशी, सगळे शांत असताना बोलायचं. दुःख समजून घ्यायचं, पण मारणं एकदाही माफ करायचं नाही, आणि माझ्यासारख्याने मध्ये पडून त्याची बाजू घ्यायची नाही. तरीही तेजसने दार फोडलं. एकदा माझ्या खांद्यावर गुद्दा मारला; तो माझ्या हक्काचा होता असं मला वाटलं, पण बाईंनी बजावलं होतं म्हणून तोही मी लपवला नाही. पुढच्या भेटीत सांगितला. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. आज दीड वर्ष होत आलं. गेल्या आठ महिन्यांत त्याने कोणावर हात उचललेला नाही. पुढचं मला माहीत नाही.

शरण जाणं म्हणजे देवाकडे मागणं मांडून फळाची वाट बघणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, न्यायाधीशाच्या खुर्चीवरून खाली उतरणं म्हणजेच शरण जाणं असावं. मी सुनेला देवीसमोर उभं केलं, आणि देवीने मलाच उभं केलं. संशय अजून येतो. आला की मी तो देवीच्या पायाशी ठेवतो, आणि समोरचं माणूस काय सांगतं ते आधी ऐकतो.

हे लिहून झाल्यावर कागद दोघांना वाचायला दिले. ज्योतीने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "असू दे." तेजसने पेन मागितलं. तिची तक्रार लिहिताना मी "हात उचलतो माझ्यावर. कधीकधी." असं लिहिलं होतं. त्याने "कधीकधी" खोडलं आणि वर लिहिलं, "रोज."

मी म्हणालो, "अरे, लोक वाचतील."

"वाचू देत," तो म्हणाला. "आई तेव्हा खरंच बोलली होती."

आई जगदंबे, तुझे उपकार.